देकार्तला अडवणारी एलिझाबेथ, आणि तापातून उठल्यावर सुचलेलं काही

चिंचोका (धागाकर्ती)

गेल्या सप्टेंबरात डेंग्यू झाला. ताप आठवड्यात उतरला, प्लेटलेट वर आल्या, पण पुढचे दीड-दोन महिने डोकं म्हणून चालेना. दूधवाल्याचा हिशोब तीनदा मांडला, तीन वेगळी उत्तरं आली. भेटायला येणारे सांगायचे, "मन खंबीर ठेव, सगळं मनावर असतं." मी मान डोलवायचे आणि आतल्या आत म्हणायचे, अहो, खंबीर ठेवायचं ते मनच आजारी आहे, ते ठेवू कशाने?

नेमका हाच प्रश्न पावणेचारशे वर्षांपूर्वी एका सव्वीस वर्षांच्या बाईने थेट देकार्तला, म्हणजे त्या काळच्या बड्या फ्रेंच तत्त्वज्ञाला, विचारून ठेवलाय, हे तेव्हा ठाऊक नव्हतं. नंतर भाच्याने पत्रव्यवहाराचं पुस्तक दिलं नि बसल्या जागी वाचून काढलं. (तत्त्वज्ञान मी शिकलेले नाही. अकरावी-बारावीला तर्कशास्त्र होतं, तेही मार्क पडतात म्हणून. चुकलं तर कान धरा.)

बाई म्हणजे बोहेमियाची एलिझाबेथ, जन्म १६१८. नावाला राजकन्या, राज्य कुठेच नाही. वडील बोहेमियाच्या गादीवर बसले ते जेमतेम एक हिवाळा. १६२० च्या नोव्हेंबरात प्रागजवळ लढाई हरले आणि इतिहासात 'हिवाळी राजा' म्हणून चिकटले. कुटुंब हॉलंडात हेगला आश्रयाला. आई इंग्लंडच्या पहिल्या जेम्सची मुलगी, पण त्याने घरखर्च भागत नाही. हिला ग्रीक येतं म्हणून भावंडं 'ग्रीक बाई' म्हणून चिडवायची. पोलंडच्या राजाचं स्थळ आलं होतं, कॅथलिक व्हावं लागेल म्हणून हिने नाही म्हटलं.

मे १६४३ मध्ये हिने देकार्तला पहिलं पत्र लिहिलं. ही चोवीस, तो सत्तेचाळीस. देकार्तचं म्हणणं असं की शरीर जागा व्यापतं पण विचार करत नाही, आणि आत्मा विचार करतो पण जागा व्यापत नाही. एलिझाबेथ विचारते, मग आत्मा शरीराला हलवतो कसा? एखादी वस्तू हलवायची तर ढकलावी लागते, ढकलायला टेकावं लागतं, टेकायला काही आकारमान हवं. तुम्ही तर आत्म्याला आकारमानच ठेवलेलं नाही.

देकार्त उत्तरात वजनाचा दाखला देतो. दगडाचं वजन दगडाला खाली नेतं, तेव्हा एक पृष्ठभाग दुसऱ्याला ढकलतोय असं आपण मानत नाही ना? तसंच समजा. यावर जूनमध्ये आलेलं तिचं उत्तर वाचून मी मोठ्यांदा हसले. वजन म्हणजे दगडात बसलेली काही वेगळी शक्ती नाही, ती समजूत खोटी आहे, हे तुम्हीच तुमच्या भौतिकशास्त्रात दाखवणार आहात. मग त्याच खोट्या समजुतीच्या आधाराने मी आत्म्याबद्दल खात्री कशी बाळगू? त्यापेक्षा आत्म्याला आकारमान आहे असं मानणं मला सोपं जाईल. त्याच पत्रात ती हेही कळवते की घरच्या भानगडी नि टाळता न येणाऱ्या भेटीगाठी यांतून चिंतनाला सवड मिळत नाही, म्हणून माझ्या मंदपणाची क्षमा असावी. मंदपणा म्हणे!

मग देकार्त म्हणतो, शरीर आणि आत्मा यांचं एकत्र असणं बुद्धीने कळत नाही, ते रोजच्या जगण्याने, गप्पांनी कळतं. मी स्वतः निव्वळ बुद्धीच्या गोष्टींना वर्षातले थोडेच तास देतो. तिचं १ जुलैचं उत्तर: आत्मा शरीराला हलवतो हे मला इंद्रियांवरून दिसतं, कसं हलवतो हे मात्र इंद्रियं सांगत नाहीत, बुद्धी सांगत नाही आणि कल्पनाही सांगत नाही.

इथवरचा भाग प्रसिद्ध आहे. अभ्यासक्रमात एलिझाबेथ येते ती एवढीच, देकार्तला पेचात पकडणारी हुशार मुलगी म्हणून. मला तिचा दुसरा प्रश्न जास्त मोठा वाटतो.

१६४५ च्या वसंतात तिला बारीक ताप आणि कोरडा खोकला जडला. देकार्तचं निदान, मूळ कारण दुःख आहे, मन दुसरीकडे वळवा. तिने कळवलं की माझं शरीर मनाच्या त्रासाने चटकन ढासळतं आणि मनाबरोबर स्वतः सावरण्याइतकी ताकद त्याच्यात नाही. उन्हाळ्यात दोघांनी सेनेका या रोमन तत्त्वज्ञाचं सुखावरचं पुस्तक वाचायला घेतलं. देकार्तची शिकवण थोडक्यात अशी: बाहेरचं काही तुमच्या हातात नाही, पण विवेक हातात आहे, तो नीट वापरा म्हणजे सुख कोणी हिरावू शकत नाही. आपल्याकडच्या कुठल्याही प्रवचनात खपेल असं वाक्य.

ऑगस्टमध्ये ती लिहिते: काही आजार विचार करण्याची शक्तीच पूर्ण नष्ट करतात आणि तिच्याबरोबर विवेकाचं समाधानही जातं. दुसरे काही आजार ती शक्ती कमी करतात, मग शहाण्या माणसालाही स्वतःचे नियम पाळता येत नाहीत आणि तो भावनांच्या मागे ओढला जातो.

म्हणजे जो किल्ला कधी पडणारच नाही म्हणून दाखवला जात होता, त्याची भिंत रक्तामांसाची आहे, ताप आला की खचते. पुढच्या महिन्यात ती आणखी एक पाचर मारते. चांगलं काय ते निवडायचं तर प्रत्येक गोष्टीचं खरं मोल माहीत हवं, आणि व्यवहारात ज्या गोष्टींतून निवड करावी लागते त्या सगळ्यांचं मोल कळायला अमर्याद ज्ञान लागेल. ते कोणाकडे आहे?

पहिला प्रश्न आत्मा-शरीराच्या सांध्याचा होता. हा दुसरा, माणूस मोकळा असतो तो कितपत, केव्हा आणि कुणाच्या घरी, याचा आहे. तो तापाच्या अंथरुणातून आला म्हणून कच्चा ठरत नाही. मला तर वाटतं, तिथूनच यायला हवा होता. तुम्हाला काय वाटतं?

कोरा चहा

वाचनखूण साठवली. 'ते ठेवू कशाने' ला +१.
मला डेंग्यूनंतर एटीएमचा पिन आठवेना. तो शरीरात होता की आत्म्यात हे बँकेने विचारलं नाही, नवीन पिन दिला.

खडूफळा

लेख आवडला. कॉलेजात तीस वर्षं देकार्त शिकवला, त्यामुळे खडू हातात नसतानाही बोलायची खोड आहे. दोन-तीन गोष्टी.

एक, देकार्तवर थोडा अन्याय होतोय. तिच्या ऑगस्टच्या पत्राला त्याने सप्टेंबरच्या पहिल्या तारखेला उत्तर दिलं, त्यात तो मुद्दा मान्य करतो: मी जे सर्वसाधारण बोललो ते ज्यांना विवेकाचा मोकळा वापर करता येतो त्यांच्यापुरतंच धरा. वादात हरल्यावर पाने फाडणाऱ्यांतला हा माणूस नव्हे. नंतर तिने त्याला भावनांची व्याख्या करायला सांगितलं, त्यातून वाढत वाढत १६४९ चा भावनांवरचा ग्रंथ तयार झाला. 'तत्त्वज्ञानाची मूलतत्त्वे' हा १६४४ चा ग्रंथ तर त्याने तिलाच अर्पण केला. अर्पणपत्रिकेत म्हणतो, भूमिती कळणाऱ्यांना अध्यात्मविचार कळत नाही आणि तो कळणाऱ्यांना भूमिती. दोन्ही सारखंच कळणारं डोकं मला एकच भेटलं. राजघराण्यांच्या अर्पणपत्रिकांमध्ये लोणी असतंच, पण हे निव्वळ लोणी नव्हतं.

दोन, 'आत्मा' या शब्दाने मराठी वाचकाचा घोळ होतो. आत्मा म्हटलं की आपल्या डोक्यात शस्त्रांनी न तुटणारा, पाण्याने न भिजणारा तो येतो. देकार्तचा आत्मा शंका घेतो, इच्छा करतो, दुखतंय म्हणतो. आपल्या सांख्यांनी हे सगळं, म्हणजे मन, बुद्धी, अहंकार, प्रकृतीच्या खात्यात टाकलं. त्यांच्या हिशोबात मन शरीराला हलवतं यात नवल नाही, दोन्ही एकाच मातीची. एलिझाबेथ "त्यापेक्षा आत्म्याला आकारमान देणं सोपं" म्हणते तेव्हा ती नकळत या बाजूला एक पाऊल टाकते.

पण सांख्यांनी हुरळून जाऊ नये! त्यांच्याकडे पेच नाहीसा झाला नाही, एक घर पुढे सरकला. काहीही न करणारा पुरुष (म्हणजे त्यांचं निव्वळ जाणणारं तत्त्व) आणि काहीही न जाणणारी प्रकृती यांची गाठ पडते कशी? उत्तर काय, तर आंधळ्याच्या खांद्यावर पांगळा. छान आहे. पण पांगळा निदान तोंडाने "डावीकडे वळ" सांगतो, पुरुष तेवढंही करत नाही. एलिझाबेथ सांख्यांच्या कपिलमुनींना पत्र लिहिती तर दुसऱ्या पत्रात हेच विचारती.

तीन विसरलो. आठवल्यावर लिहितो.

उलटतपासणी

लेख रंजक आहे, पण एक खवचट प्रश्न. पाच-सहा वर्षं एका मोठ्या माणसाला पत्रं लिहिली म्हणून कोणी तत्त्वज्ञ होतं का? सिद्धांत कुठाय? ग्रंथ कुठाय? शंका तर माझी आईपण काढते, रोज, आणि त्यांनाही उत्तर नसतं.

चिंचोका

@उलटतपासणी, आईंची पत्रं असतील तर छापा, आम्ही वाचू.
सिद्धांत तिने मांडला नाही हे खरं. पण आक्षेप घेणं हेही तत्त्वज्ञानातलंच काम, नाहीतर आपल्याकडचे निम्मे खंडनग्रंथ बाद करावे लागतील. शिवाय मोकळं असणं आणि ईश्वराच्या इच्छेवर अवलंबून असणं ही दोन्ही एकत्र कशी, यावर ती १६४५ च्या शेवटापर्यंत देकार्तच्या मागे लागली होती. तो जानेवारीत एक गोष्ट रचून सांगतो. द्वंद्वावर बंदी घालणारा राजा, एकमेकांच्या जिवावर उठलेले दोघे सरदार, राजाच त्यांना एका वाटेवर पाठवतो. ते लढणार हे त्याला माहीत आहे, तरी लढतात ते आपल्या मर्जीने. राजाने पाठवलं नसतं तर ते भेटलेच नसते, हे गोष्टीतून कसं काढायचं ते मला अजून कळलेलं नाही. खडूफळा सर, जमलं तर सांगा.

खडूफळा

जमणार नाही. तीस वर्षांत जमलं नाही.

पायरीचा आंबा

धाग्यात 'इंद्रियांवरून दिसतं' आलंय म्हणून घुसतो. माझं चष्म्याचं दुकान आहे. सिलिंडरचा नवा नंबर लागला की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी परत येतं, "जमीन तिरकी दिसते, भिंत अंगावर येते, तुमचा नंबर चुकला." आम्ही सांगतो, चार दिवस सतत घाला. चार दिवसांनी जमीन सरळ होते. मग आधीची बरोबर होती की आताची? हा प्रश्न आमच्या धंद्यात विचारायचा नसतो.

मार्गारेट कॅव्हेंडिशने विचारला. १६२३ ते १६७३, म्हणजे एलिझाबेथच्याच काळातली, न्यूकॅसलची डचेस. १६६५ मध्ये रॉबर्ट हूकचं 'मायक्रोग्राफिया' आलं. सूक्ष्मदर्शकाखालची ऊ, पिसू, माशीचा डोळा यांची मोठमोठी चित्रं, लंडन वेडं झालं. पुढच्याच वर्षी या बाईंनी प्रयोगवाद्यांवर एक जाडजूड पुस्तक काढलं. त्यात म्हणतात, भिंग वस्तूचं खरं रूप दाखवतं याची खात्री काय? भिंगाला चीर असेल, वक्रता वेगळी असेल, उजेड दुसरीकडून येत असेल, तर चित्र बदलतं. आणि याचा पुरावा त्यांनी हूकच्याच प्रस्तावनेतून काढला! त्याने प्रामाणिकपणे लिहिलं होतं की माशीचा डोळा एका उजेडात भोकाभोकांच्या जाळीसारखा दिसतो, उन्हात सोन्याचे खिळे ठोकल्यासारखा, दुसऱ्या बाजूने पिरॅमिडांसारखा. बाई विचारतात, यातला माशीचा डोळा कुठला?

पुढे त्या म्हणतात की कुणी उवेचं खेकड्याएवढं चित्र काढून भिकाऱ्यासमोर धरलं, तर ते खरं आहे असं तो मानेल का? आणि मानलं तरी त्याला फायदा काय? उवा होऊ नयेत कशा, पकडाव्या कशा, चावण्यापासून सुटावं कसं, यातलं चित्र काहीच सांगत नाही. मधमाशी भिंगाखाली धरून मध जास्त मिळत नाही. आमच्या दुकानात या बाई आल्या असत्या तर मी शटर ओढून घेतलं असतं.

दिसणं म्हणजे काय, यावरही त्यांचं स्वतःचं म्हणणं आहे. इंग्लिश तत्त्वज्ञ हॉब्ज म्हणायचा, बाहेरची वस्तू दाब देते, तो डोळ्यांतून आत पोचतो. बाई म्हणतात, नाही. वस्तू काही पाठवत नाही. डोळ्यातलं द्रव्य स्वतः जाणतं आहे, तेच समोरच्या आकाराची नक्कल आपल्या आत उमटवतं. शिंपी मापावरून कागदाचा पॅटर्न कापतो तसं समजा (शिंपी माझा, बाईंचा नाही). सगळं द्रव्य थोडंफार जाणतं आणि आपलं आपण हलतं. माणूस एकटाच जाणकार आहे ही माणसाची घमेंड.

उलटतपासणी

आता दगडही जाणता झाला का! आणि सूक्ष्मदर्शकाबद्दल बाई सपशेल चुकल्या हे सांगायचं राहिलंच. त्यांचं ऐकलं असतं तर जिवाणू दिसले नसते, आणि धागाकर्तीच्या प्लेटलेट कोणी मोजल्या असत्या? १६६७ च्या मे महिन्यात या बाई रॉयल सोसायटीत, म्हणजे लंडनच्या शास्त्रज्ञांच्या सभेत, जाऊन प्रयोग बघून आल्या. तिथे हजर असलेला पीप्स डायरीत लिहितो की ऐकण्यासारखं एक वाक्य त्या बोलल्या नाहीत, नुसतं कौतुक, कौतुक.

पायरीचा आंबा

पीप्सने आधी त्यांच्या कपड्यांना नावं ठेवलीत, मग बोलण्याला. तो क्रम बघा. आणि ज्या सभेत पाहुणी म्हणून एकदा घेतलं तिथे बाई काय भाषण ठोकणार होत्या? रॉयल सोसायटीने स्त्रियांना सभासद करून घेतलं ते १९४५ मध्ये.

सूक्ष्मदर्शकाचं मान्य. निकाल हूकच्या बाजूने लागला. पण तो लागला कसा? भिंगं सुधारली, उजेड कुठून पाडायचा याचे नियम बसले, एकाने पाहिलं ते दहांनी ताडून पाहिलं. म्हणजे बाईंनी दाखवलेल्या खोटा एकेक करून दुरुस्त झाल्यावर. पहिल्या दिवशी चित्र बघून "अहाहा" करणाऱ्यांपेक्षा मला त्यांची शंका जवळची वाटते, दुकानदार म्हणून तर फारच. दगडाबाबत मात्र मी हात टेकतो.

निवांत

एवढ्या उशिरा येतेय कारण दोन दिवस अंधाऱ्या खोलीत होते. अर्धशिशी. वीस वर्षं झाली. म्हणून माझी बाई ॲन कॉन्वे.

१६३१ ते १६७९. बाई म्हणून केंब्रिजमध्ये प्रवेश नाही. तिथले तत्त्वज्ञ हेन्री मोर तिला पत्रांतून देकार्त शिकवायचे. डोकेदुखी लहानपणापासून, आयुष्यभर. १६५६ मध्ये कवटीला भोक पाडून घ्यायला फ्रान्सला गेली. तिथल्या शल्यविशारदांची छाती झाली नाही, त्यांनी रक्तवाहिन्या उघडल्या. उपयोग शून्य. हे वाचताना माझा हात आपोआप कपाळावर गेला.

आता या बाईला कोणी सांगायचं की तू वेगळी आणि तुझं डोकं वेगळं? तिने नाहीच ऐकलं. तिच्या पुस्तकातला एक युक्तिवाद मला पाठ झालाय: आत्मा आणि शरीर जर स्वभावानेच इतके परके असतील, तर शरीराला जखम झाली की आत्म्याला यातना का व्हाव्यात? घर पडलं म्हणून परक्या घरमालकाला ठेच लागत नाही (घरमालक माझा). यातना होतात, अर्थात दोघं परके नाहीत. शरीर आणि आत्मा हा जातीचा फरक नाही, दाटपणाचा आहे. दाट ते शरीर, विरळ तो आत्मा, आणि एकातून दुसऱ्याकडे सरकता येतं. एलिझाबेथने जिथे प्रश्न ठेवला तिथे हिने उत्तर ठेवलं. पटो न पटो.

उलटतपासणी यांनी वर 'ग्रंथ कुठाय' विचारलं होतं. हा घ्या ग्रंथ. वहीत पेन्सिलीने लिहिलेलं टिपण, ती गेल्यावर अकरा वर्षांनी, १६९० मध्ये ॲमस्टरडॅमला लॅटिन भाषांतरात छापलं गेलं. वर तिचं नाव नाही. दोन वर्षांनी ते पुन्हा इंग्रजीत उलटं भाषांतर करून आलं, कारण मूळ इंग्रजी टिपण हरवलेलं. जर्मन तत्त्वज्ञ लाइबनित्स तिचं नाव आदराने घ्यायचा. देमरिस मॅशम, जिच्या घरी तत्त्वज्ञ जॉन लॉकने शेवटची तेरा वर्षं काढली, तिचीही दोन्ही पुस्तकं निनावी. ग्रंथ शोधताना आधी मुखपृष्ठावर नाव शोधायची सवय सोडावी लागते.

कोरा चहा

@निवांत, काळजी घ्या. स्क्रीनचा उजेड कमी करून बसा.

उलटतपासणी

ग्रंथाचा मुद्दा मागे घेतो. दगडाचा घेणार नाही.

दीपमाळ

गार्गी-मैत्रेयीचा उल्लेख कोणीतरी करणारच, तो मी करत नाही. मला सुलभा आठवली. महाभारतात शांतिपर्वात आहे, मोक्षधर्मात. एकटी फिरणारी भिक्षुकी. मिथिलेचा जनक म्हणत असतो की मी राज्य करूनही मुक्त आहे. ते पारखायला ती येते आणि योगबळाने त्याच्या चित्तात शिरते. जनक चिडतो. तू कोण, कुणाची, कुठून आलीस, कुठल्या जातीची, माझ्यात शिरलीस म्हणजे संकर झाला, वगैरे वगैरे. भर सभेत.

सुलभा शांतपणे आधी चांगलं वाक्य कशाला म्हणतात ते सांगते (हा भाग मला फार आवडतो) आणि मग म्हणते, लाख आणि लाकूड, धूळ आणि पाण्याचे थेंब जसे एकत्र येतात तसे हे देह. यात 'तू कुणाची' याला काय उत्तर द्यायचं? इंद्रियांबद्दल म्हणते, डोळ्याला आपलं डोळेपण ठाऊक नसतं, कानाला स्वतःचं कानपण. आणि मुक्त असतास तर 'ही माझी, ती परकी' हा भेद तुला दिसलाच नसता.

चिंचोकाताईंच्या प्रश्नाशी थेट जुळणारा भाग पुढे आहे. ती राजाला विचारते, तू स्वतंत्र आहेस तरी कशात? झोपायचं, जेवायचं, नहायचं म्हटलं तरी दुसरे ठरवतात. ये म्हटलं की यायचं, दे म्हटलं की द्यायचं. इतक्या मोठ्या राज्यात राजा राहतो एका नगरात, नगरातल्या एका वाड्यात, वाड्यातल्या एका पलंगावर, आणि त्या पलंगाचाही अर्धा भाग राणीचा. स्वातंत्र्य मोजायची याहून नेमकी पट्टी मी वाचलेली नाही. त्यानंतर जनक काही बोलला नाही असं महाभारतच म्हणतं.

चिंचोका

@दीपमाळ, अर्धा पलंग! हे माहीतच नव्हतं, आजच काढून वाचते. एक फरक मात्र नोंदवते. सुलभा कुणीतरी लिहिलेली आहे, आणि लिहिणाऱ्याने तिला शेवटचा शब्द देऊन टाकला. एलिझाबेथला तो मिळाला नाही. तिला पत्र बंद करून भावाच्या भानगडी निस्तरायला जावं लागायचं. १६४६ मध्ये धाकट्या भावाने हेगला एका फ्रेंच अधिकाऱ्याला मारलं, हिने भावाची बाजू घेतली, आईशी फाटलं आणि हिची रवानगी जर्मनीत ब्रांडेनबुर्गला नातेवाइकांकडे. एवढ्या मोठ्या विवेकवाद्याची मैत्रीण, पण राहायचं कुठे हे कधी तिच्या हातात नव्हतं.

आपल्याकडच्या एक खऱ्याखुऱ्या, याच काळातल्या म्हणजे बहिणाबाई, शिऊरच्या, तुकोबांच्या शिष्या. जन्म १६२८, कॉन्वेपेक्षा तीन वर्षांनी मोठ्या. नवऱ्याचा मार खात त्यांनी अभंगांत विचारलं की स्त्रीचा देहच पराधीन, तर विरक्तीचा उपाय मला चालणार कसा? परमार्थाची वाट सर्वांना मोकळी म्हणता, मग तिच्या तोंडाशी हा देह आडवा येतो त्याचं काय? प्रश्न तोच, फक्त ज्याला विचारायचा तो देकार्त नव्हता, पांडुरंग होता.

गुळाचा खडा

बहिणाबाईंचं वाचून मेरी ॲस्टेल आठवली. न्यूकॅसलच्या कोळसा व्यापाऱ्याची मुलगी, १६६६ चा जन्म, लग्न केलं नाही, लंडनला चेल्सीत राहिली. १६९४ मध्ये तिने स्त्रियांसाठी एक निवासी विद्यापीठच सुचवलं, जिथे लग्नाची घाई न करता अभ्यास करता येईल. १६९७ च्या दुसऱ्या भागात विचार करायची शिस्तच लिहून काढली: जे स्पष्ट दिसत नाही त्यावर निर्णय राखून ठेवा, होकाराची घाई नको. तिच्या लेखी मोकळेपणाची सुरुवात इथे होते.

लग्नावरच्या पुस्तकाला १७०६ मध्ये जोडलेल्या प्रस्तावनेत तिचं ते प्रसिद्ध वाक्य आहे: सगळे पुरुष जन्मतः स्वतंत्र असतील, तर सगळ्या स्त्रिया जन्मतः गुलाम कशा?

आता गंमत. हे वाक्य आज सगळे स्वातंत्र्यवादी मिरवतात, पण बाई कट्टर राजनिष्ठ. राजाविरुद्ध बंड करणं पाप मानणारी. ती म्हणत होती, बाबांनो, राज्यात जुलूम सहन होत नाही म्हणता, तर घरात तोच जुलूम देवाची आज्ञा कसा ठरतो? दोन्हीकडे एकच नियम लावा. स्वतः तिने दोन्हीकडे आज्ञापालनाचा लावला. लग्न न करून एका घरातून मात्र पळवाट काढली!

उलटतपासणी

ही आवडली. खवचट आहे.

खडूफळा

तिसरा मुद्दा आठवला. एलिझाबेथची पत्रं वाचायला मिळाली कशी? देकार्त १६५० च्या फेब्रुवारीत स्टॉकहोमला वारला. तिथल्या फ्रेंच राजदूताला त्याच्या कागदांत तिची पत्रं सापडली, त्याने छापायची परवानगी मागितली. तिने दिली नाही, पत्रं परत मागवून घेतली. १६५७ पासून देकार्तची पत्रं छापली जाऊ लागली, तिची नाहीत. त्यामुळे दोनशेहून अधिक वर्षं जग उत्तरं वाचत होतं, प्रश्न नाहीत. अर्न्हेमजवळच्या एका वाड्याच्या ग्रंथालयात तिच्या पत्रांच्या नकला निघाल्या आणि १८७९ मध्ये छापल्या गेल्या. ती स्वतः १६६७ मध्ये जर्मनीतल्या हेरफोर्डच्या मठाची प्रमुख झाली होती, इतरत्र थारा न मिळालेल्या पंथांच्या लोकांना तिने तिथे आसरा दिला. १६८० मध्ये गेली.

कोरा चहा

एक शंका. १ जुलै १६४३ च्या त्या पत्राला, 'कसं हलवतो हे कोणीच सांगत नाही' वाल्या, देकार्तने काय उत्तर दिलं?

चिंचोका

उत्तर उपलब्ध नाही. पुढचं सापडतं ते थेट नोव्हेंबरातलं, आणि त्यात आत्मा नाही, भूमिती आहे. तीन वर्तुळं दिली आहेत, तिन्हींना स्पर्श करणारं चौथं वर्तुळ काढायचं. त्याने तिला हा प्रश्न घातला आणि मग भीती वाटली की फारच अवघड दिला. तिने सोडवून पाठवला.

कोरा चहा

मुलीच्या कंपासपेटीतून कर्कटक काढलंय. तिन्ही वर्तुळं सारख्या मापाची घेतली तर चालतील का?

खडूफळा

नाही. ती फसवणूक झाली.